भूल उतरताना

घाटकोपर, शनिवार, संध्याकाळ

हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. सलतंय ते वेगळंच. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "वक्ते ना तुम्ही? करा भाषण." शिरेत दुधासारखं पांढरं औषध गेलं, हात जळजळला आणि दुसऱ्याच वाक्याला मी झोपलो. तेही चाललं असतं. पण शुद्धीवर येताना मी सलग बोलत होतो म्हणे. सुनंदा म्हणाली, "अहो, मोरेंचं जयंतीचं भाषण. एक शब्द चुकला नाही."

ज्या मोरेला मी चारचौघांत उथळ वक्ता म्हणतो, त्याचं भाषण मला पाठ? त्या पांढऱ्या औषधातून जीभ आधी जागी होते आणि तिच्यावरचा पहारेकरी शेवटी, असंच असणार. उद्या मोरे भेटायला येतोय. सुनंदाला बजावलंय, गप्प राहायचं. ती नुसती हसते. तो जाईपर्यंत तिला झोपवायला थोडं पांढरं औषध मिळेल का?