वाणात गेलेल्या वीस पुंगळ्या

मी, यशोधन अविनाश खांबेटे, वय चोवीस, सध्या मुक्काम रवीकाकांचं बेसमेंट, अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया, आज पूर्ण शुद्धीत आणि दोन कप चहा पिऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. फक्त विनीताकाकूने माझ्या व्हॅनची किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली आहे आणि हे लिहून झाल्याशिवाय ती मिळणार नाही. मराठी मी पिस्कॅटवेच्या रविवारच्या शाळेत शिकलो, तीही अर्धवट सोडली, त्यामुळे चुका धरू नयेत.

१. आत्ताच का. परवा रविवारी जगन्नाथकाकांना जाऊन वर्ष होतं. ते माझे नात्याने कोणी नव्हते. दुसऱ्यांदा कॉलेज सोडून फिरत असताना त्यांच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या टेकडीवर कुंपण घालायला चार दिवसांसाठी गेलो आणि दोन वर्षं राहिलो. (कुंपण अजून अर्धंच आहे.) जायच्या आधी मला म्हणाले, "माझं तेरावं-बिरावं काही नको. वर्षाने टेकडीवर माझ्या रायफलचा एक बार काढ. नेम नाही लागला तरी चालेल, तुझा लागणार नाहीच." मी हो म्हटलं. आयुष्यात मी पुरी केलेली एकही गोष्ट नाही, ही करायची आहे. काडतूस मी स्वतः भरलंय, म्हणून काकूला मृत्युपत्र हवंय.

२. रायफल. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की पुढची गोळी भरते, अशी जुनी रायफल. जगन्नाथकाकांनी मॉन्टॅनाच्या खाणीत इंजिनियर असताना घेतलेली. ती रवीकाकांच्या मुलीला, ज्ञानदाला, द्यावी. ती बावीस वर्षांची आहे आणि तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. "आय डोन्ट इव्हन वाँट इट," असं म्हणाली, पण कव्हर कुठे मिळेल हे आधीच बघून ठेवलंय तिने.

३. काडतुसाबद्दल. याचं नाव थ्री-ओ-थ्री सॅव्हेज. दुकानात मागितलं की ब्रिटिश थ्री-ओ-थ्री काढून देतात. ते वेगळं, ते यात बसत नाही आणि बसवू नये. आपलं कारखान्यातून क्वचितच येतं. मी ओहायोला सहा तास ड्राइव्ह करून एका प्रदर्शनात गेलो, तिथे एका आजोबांच्या टेबलावर अगदी हीच पुंगळी होती. म्हणाले विकायची नाही, दाखवायला आणलीय. तिथे मक्याचं कणीस मात्र फार चांगलं मिळालं, पण ते असो. सांगायचं काय, तर उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी जपायची, पुन्हा आकाराला आणायची, तिला खाली नवी टिकली बसवायची, दारू मोजून भरायची, वर गोळी. पुंगळी नाही तर काही नाही. काका माझ्यासाठी वीस ठेवून गेले.

४. त्या विसांचं काय झालं. मी जानेवारीत अ‍ॅरिझोनात होतो (का होतो ते आता आठवत नाही). पुंगळ्या बेसमेंटमध्ये बिस्किटांच्या डब्यात होत्या. काकूने त्या पितांबरीने घासल्या, एकोणीस पुंगळ्यांच्या बुडाला सुपरग्लूने एकेक सेंटचं नाणं चिकटवलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उदबत्तीची घरं म्हणून वाण दिल्या.

"इतक्या गोड दिसत होत्या रे," असं ती म्हणाली.

"काकू, ती काडतुसं आहेत."

"रिकामी होती ना? मग."

हा राग मी कोणालाही वारसाहक्काने देत नाही. माझ्याबरोबर संपावा.

५. देवयानीमावशी. कोपऱ्यावरच्या घरातल्या. पुंगळी परत मागायला गेलो तर म्हणाल्या, "वाण कुणी परत मागतं का?"

"मावशी, त्यातून गोळी सुटते."

"सुटत असेल. आता आमच्या गणपतीपुढे आहे."

बाकीच्या घरांत स्टीलच्या वाट्या देऊन सहा परत मिळवल्या. नाणी निघाली, पण दोन पुंगळ्यांची तोंडं चिरली होती, तिनांच्या बुडात गोंद राहिला आणि एकीला कोणीतरी भोक पाडून की-चेन केलं होतं, म्हणजे कामाची एकही नाही. देवयानीमावशींनी आपली पुंगळी माझ्यानंतर ज्ञानदाला द्यावी, अशी विनंती. हुकूम देण्याची माझी हिंमत नाही.

६. भरायचं यंत्र, काकांची वही आणि तराजू: ज्ञानदाला. वहीत काकांनी लिहिलेल्या मापापुढे एक कणही जाऊ नये. मीसुद्धा गेलेलो नाही, काकू, हे वाचत असशील तर.

७. व्हॅन: जो ढकलेल त्याला.

८. विसावी पुंगळी. ही काकूने स्वतःसाठी ठेवली होती. देवापुढे चिकट नको म्हणून तिने नाणं न चिकटवता ती तांदळाच्या वाटीत उभी केली होती. मी तिच्याकडे मागितलीच नव्हती, रागात होतो. मंगळवारी तिनेच उदबत्ती काढून माझ्या हातात दिली. "त्यांना दिलेला शब्द आहे ना? घे. पण परत आण."

"उडाली की काळी होते."

"घासते मी."

रविवारचं काडतूस हेच आहे. उडाल्यावर कडी ढकलली की रायफल पुंगळी गवतात फेकते, म्हणून ज्ञानदाने आधी चादर अंथरावी. मग ती पुंगळी, माझं काहीही झालेलं असो, विनीताकाकूला मिळावी. तिने दर मार्चमध्ये एका दिवसासाठी द्यावी, टेकडीवर बार निघावा आणि पुन्हा देवघरात जावी. सुपरग्लू लावू नये.

बाकी माझ्याकडे काही नाही. जे आहे ते वर आलं.

यशोधन खांबेटे
अ‍ॅशबर्न, शुक्रवार, २० मार्च २०२६

साक्षीदार:

देवयानी. सही केली, पण कलम पाच मान्य नाही.

~~विनीता खांबेटे~~ (सही मीच खोडली आहे. ज्ञानदा इंटरनेटवर बघून म्हणाली की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मग सही नको, मला पुंगळी हवी. किल्ली ओट्यावर ठेवली आहे, पीठ पुसून घे.)

तिच्या जागी रवी खांबेटे. यात मला काहीच मिळत नसल्याने सही करायला हरकत नाही.