सकाळचं माप

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. आईलाही तसंच सांग. तिचा खोकला थांबला का?

आमच्या कारखान्यात सध्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याचं कौतुक चाललंय. त्याने कृत्रिम पायाला, उरलेला पाय आत बसवायची अशी खोबण केलीय, की कळ फिरवली की ती आवळते. साहेब प्रत्येक पाहुण्याला आधी त्याच्याकडे नेतात. मी इथे दहा वर्षं पायांच्या साच्यांचं प्लास्टर मळतोय, पण माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. खोटं कशाला बोलू, पोटात दुखतं.

काल न राहवून विचारलं, "हे सुचलं कसं?"

"दिवसभर चालून उरलेला पाय बारीक होतो, खोबण सैल पडते," तो म्हणाला. "माझ्या आईचाही पाय कृत्रिमच होता. संध्याकाळी ती मोज्यावर मोजे चढवायची."

ताई, तुझा पाय मी केला तेव्हा माप सकाळी घेतलं होतं. तू दर पत्रात लिहितेस, पाय अगदी छान बसतो. संध्याकाळपर्यंत किती मोजे चढवतेस? खरं सांग.

आता तुझा नवा पाय त्याच्याकडूनच करून घेतो. तो छान बसला, तर मला लगेच कळवू नकोस. दोन-चार दिवस जाऊ देत.

तुझाच,
धाकटा