दोन टेबलांचा हॉल

३ फेब्रुवारी
झाली! आत्याची जमीन माझ्या नावावर झाली! शेवटचा शिक्का आज दुपारी बसला. सगळ्या भाच्यांमधून तिने मलाच का निवडलं, देव जाणे. "तू तरी काहीतरी करशील" म्हणायची. करणारच! टेबल टेनिसचा हॉल! दोन टेबलं शेजारी शेजारी, उंच छत, मागे सरकायला ऐसपैस जागा. आता शाळेच्या व्हरांड्यात शिकवते, तिथे दोन पावलं मागे गेलं की खांब. परवा एका पोरीला टेंगूळ आलं तरी पॉइंट सोडला नाही तिने. अशा पोरींना व्हरांडा?

आता फक्त बांधकाम परवानगी. आणि नगरपालिकेत परवानग्या देणारा इंजिनिअर रोज माझ्याच हातचा डबा नेतो!

५ फेब्रुवारी
नवऱ्याला म्हटलं, अहो, नकाशावर जरा नजर टाका ना. म्हणाला, "ऑफिसात दे. खिडकी क्रमांक दोन." घरात! अंगावर टॉवेल असताना! लेक हसून हसून लोळली.

६ फेब्रुवारी
गेले खिडकीवर. रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तर मान वर न करता म्हणतो कसा, "आपण मालकीचा उतारा जोडलेला नाही." आपण!! लग्नाला इतकी वर्षं झाली, "आपण" आज ऐकलं. उतारा आणायला घरी पळाले. रागही आला आणि, खरं सांगते, जरा लाजलेही.

११ फेब्रुवारी
आज जागेची पाहणी. साहेब टेप घेऊन हजर, सोबत मोजणीचा शिपाई. मी चुन्याने हॉल आखूनच ठेवला होता. त्याने ते बघितलं. मग जमिनीतून तिरका जाणारा चर दाखवला. मला वाटायचं, खड्डा आहे नुसता, गवत वाढलेला. तर म्हणे, टेकडीवरून येणारं सगळं पाणी याच वाटेने खालच्या नाल्याला जातं. "वरून येणारं पाणी अडवायचं नाही, आणि वळवून शेजाऱ्याच्या अंगावर घालायचं नाही. नियम आहे." माझा हॉल बरोब्बर चरावर!

"मग सरकवते."
"सरकवून मावणार नाही. एका टेबलाचा मावेल."
"एका टेबलाचा हॉल नसतो हो, ती खोली असते!"
"मग खोली बांधा."

शिपाई लगेच ढग मोजायला लागला. खालच्या बाजूला सुतार राहतो, तोही रंधा थांबवून ऐकत होता. त्याची शेड अगदी माझ्या कुंपणाला टेकलेली. मला बघून हात जोडले. भला माणूस. पण मी तणतणत निघून आले.

१२ फेब्रुवारी
घरात अबोला. मीठ हवं असलं तरी लेकीमार्फत.

१४ फेब्रुवारी
फाईलवर "नामंजूर करावे" असं लिहिलं म्हणे! आणि अर्जदार स्वतःची बायको, म्हणून निर्णयाला मोठ्या साहेबांकडे पाठवली. लेकीकडून कळलं. तिला म्हटलं, तुझ्या बाबांना सांग, आजपासून डब्याचाही अर्ज करावा लागेल. लेक म्हणाली, "आई, तो मी नामंजूर करणार. मला मध्ये घेऊ नका."

१९ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांना भेटून आले. काय माणूस! चहा मागवला, नकाशा उलटा धरून बघितला, मग सुलटा. "वहिनी, तुमचा नवरा म्हणजे नियम उशाला घेऊन झोपणारा! कोरडा ठणठणीत चर तो. खालून एक पाइप टाकलाय असं दाखवू. झालं!" मी विचारलं, पाइप केवढा? म्हणाले, "दाखवायचाय हो, मोजायचा नाहीये!" दोघंही खळखळून हसलो.

येताना रस्त्यात चक्क फोरहँड मारत आले. हवेत. बँकेतल्या बाई बघत होत्या. बघू देत!

२३ फेब्रुवारी
मिळाली! मिळाली!! मिळाली!!! परवानगी हातात! मोठ्या साहेबांची लांबलचक सही!

नवऱ्यापुढे ठेवली. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, नीट घडी घातली आणि "अभिनंदन" म्हणाला. मग स्कूटर पुसायला गेला. कालच पुसली होती.

२७ फेब्रुवारी
भराव पडला! सकाळपासून ट्रकवर ट्रक. मुरूम, दगड, माती. संध्याकाळपर्यंत चर दिसेनासा झाला, जमीन कशी पाटासारखी! पाइपचं विचारलं तर गवंडी म्हणाला, पायाच्या वेळी बघू. बरं म्हटलं.

मग लेक आणि मी चुन्याने दोन्ही टेबलं आखली आणि खेळलो. बॅट नाही, चेंडू नाही, नुसते हात! ती ओरडली, "आई, नेटला लागला!" म्हटलं, कसा लागला, चेंडू कुठाय? "तुझ्या बाजूला पडलाय, उचल." आणि मी वाकले हो उचलायला! पोट दुखेपर्यंत हसलो. कितीतरी वर्षांनी इतका घाम आला. जिल्हा स्पर्धेच्या फायनलला आला होता, त्यानंतर आजच.

२ मार्च
व्हरांड्यातल्या पोरींना सांगून टाकलं. एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या वर्गातले मास्तर छडी घेऊन बाहेर आले! टेंगूळवाली विचारते, "बाई, दोन टेबलं? म्हणजे नंबर नाही लावायचा?" नाही गं राणी, नाही लावायचा.

४ मार्च
टेकडीवरची पाण्याची टाकी आज धुतली. दरवर्षी धुतात, खालचा व्हॉल्व्ह उघडतात, मी कधी लक्षही दिलं नव्हतं. पाणी आजवर आत्याच्या जमिनीतून गुपचूप नाल्याला जायचं ना!

मी पाया आखायला गेले होते. आवाज आला आधी. मग पाणी. भरावाला येऊन धडकलं, क्षणभर थांबलं – जणू विचार करतंय – आणि वळलं. सरळ सुताराच्या शेडमध्ये.

धावले. फावड्याने माती ओढायला लागले, पण एवढ्या ट्रकांचा भराव, माझं एक फावडं! आत सुतार गुडघाभर पाण्यात. शाळेच्या ऑर्डरची बाकं, नुकतीच पॉलिश केलेली, एकमेकांवर आपटत तरंगत होती. त्याची बायको स्टुलावर उभी, वर फळ्या चढवत होती. मीही चढवू लागले. शेवटी मीच म्हटलं, "वहिनी, बोला हो काहीतरी. शिव्या द्या."

ती फळी पुसत म्हणाली, "परवानगी आहे ना तुमच्याकडे. मग आम्ही काय बोलणार?"

रागाने नाही म्हणाली. खरंच तसं वाटत होतं तिला.

५ मार्च
सकाळी नवऱ्याशी थेट बोलले. लेक चमचा तोंडात धरून बघत बसली.

"तुम्हाला माहीत होतं."
"लिहिलं होतं मी."
"फाईलवर लिहिलंत! माझ्याशी भांडायचं होतंत, ओरडायचं होतंत!"
त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला एवढं आनंदात बघितलं... घरी मला इंजिनिअर व्हायचं नव्हतं गं."

रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

मग म्हटलं, परवानगी परत करते, भराव काढते, संपलं. तर मान हलवली. "तू परत करशील. पण पाइप दाखवून चर बुजवायला मंजुरी, हा साहेबांचा शेरा दफ्तरी राहील. उद्या दुसरा कुणीतरी तोच दाखवून भराव टाकेल. कुणी रीतसर हरकत घेतली तरच तो रद्द होतो. महिन्याच्या आत."

"मग सुतार घेईल ना."
"मोठ्या साहेबांविरुद्ध? नगरपालिकेच्या खिडक्या-दारांची कामं त्यांच्याकडूनच मिळतात त्याला."
"मग कोण घेऊ शकतं?"
"कोणीही," असं म्हणाला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

६ मार्च
सुताराकडे दिवसभर बाकं उन्हात ठेवली, पुसली, उलटी केली. लेकही आली. सुतारवहिनींनी चहा दिला. हॉलचा विचार मनात आला की हात अजून आपोआप फोरहँड मारतो, काय करू! एका टेबलाचा तर एका टेबलाचा. पण दोन वेळा तरी दोनाचा नकाशा काढून बघितला. नाहीच मावत.

७ मार्च
हरकत नोंदवली! कोणाच्या बांधकामावर – माझ्या. हरकत घेणारी – मी. 'अर्जदाराशी नातं' या रकान्यापाशी पेन अडलं. मग लिहिलं – मीच ती!