कोंडावर कपडे सांभाळणारी

बाबा, परवा मी आपल्या धबधब्याखालच्या कोंडावर जाऊन आले. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला तिथे शेवटचं जाऊन चाळीस. तिथे आता तुम्हाला मुळीच आवडणार नाही असं बरंच काही झालंय, आणि ते तुम्हाला सांगताना मला बरं वाटतंय, हेही सांगून टाकते. शाळेमागून वर चढणारी आपली पाखाडी आहे ना, तिच्या पहिल्या पायरीशी मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात. सड्यावर एकाने ताडपत्री बांधून चहा-भजीचं दुकान टाकलंय. धबधबा फोनवर इतक्या जणांनी दाखवलाय की दिवाळीच्या सुटीत त्या वाटेवर जत्रा असते. आणि बायका-मुली पाण्यात उतरतात, बाबा. खुशाल उतरतात, किंचाळतात, एकमेकींवर पाणी उडवतात. राखणदार देवाच्या दगडावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. राखणदार काही बोलला नाही.

तुमच्या वेळी ती वाट म्हणजे गुरुजींची वाट. पाऊस संपून पाणी निवळलं आणि शाळेला दिवाळीची सुटी पडली की तुम्ही वाडीतले मुलगे गोळा करायचात. पुढे तुम्ही, हातात कोयता. मागे दहा-बारा मुलगे. सगळ्यांच्या शेवटी मी, तुमची एकुलती एक मुलगी, डोक्यावर सगळ्यांच्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. पाखाडी संपली की सडा, उन्हात तापलेला काळा कातळ, आणि त्यापुढे खरी घाटी. ती इतकी उभी की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर येते. मुळं धरून चढायचं, शेवाळावर पाय आडवा टाकायचा, सुट्या दगडावर भार द्यायचा नाही, हे तुम्ही पुढून मुलांना ओरडून सांगताय आणि मी मागून ऐकतेय. मला वेगळं कोणी सांगत नाही. मग झाडी एकदम सरते आणि समोर दोन माडांच्या उंचीवरून पाणी कोसळतंय, आणि त्याच्या खाली आपला कोंड, हिरवागार, तळ न दाखवणारा. परवाही तो दिसल्यावर मी होते तिथेच थांबून बघत राहिले. एवढ्या रागात होते तरी.

तुमची पोहायला शिकवायची रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. सोडणासकट, वरच्या काथ्याच्या सालीसकट, वाळवलेले दोन नारळ, मध्ये हातभर सुंभ. ती जोडी छातीखाली घेऊन पाण्यात पडायचं, नारळ बुडू देत नाहीत. तुम्ही ते नारळ श्रावणापासून आपल्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवायचात. आतलं खोबरं सुटून खुळखुळ वाजायला लागलं की नारळ तयार. मग तुम्ही चुन्याने प्रत्येक जोडीवर खूण करायचात, एकाला एक ठिपका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला फुली. मी दहा वर्षांची असताना फळीवरची एक जोडी काढून कानाशी वाजवत होते, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ठेव गो ती. पोरांचे हायत ते." तुम्ही दारात उभे होतात. मी तुम्हाला विचारलं, "बाबा, माझी जोडी कुठाय?" तुम्ही हसलात. मनापासून हसलात, म्हणून जास्त लागलं. "तुला कशाला गो? तू काय होडी घालणार आहेस जयगडला?" आईसुद्धा हसली. मी नारळ जागेवर ठेवले.

तुमच्यावर माझा खरा राग कशाचा आहे माहीत आहे? अडाणीपणाचा नाही. तुम्ही अडाणी असतात तर मी केव्हाच माफ केलं असतं. तुम्ही शाळेत आम्हाला शिकवलंत की भूत नसतं, चकवा नसतो, अंगात येणं हे सोंग असतं. सगळ्या वर्गाला तुम्ही भर दुपारी मसणवटीत नेऊन तिथे पाढे म्हणायला लावलेत. गावकीने तक्रार केली तरी मागे हटला नाहीत. आणि तेच तुम्ही कोंडावर पोचलात की राखणदाराच्या दगडासमोर नारळ ठेवायचात, हात जोडून गाऱ्हाणं घालायचात. "बा राखणदारा, ही तुजी लेकरं आज तुज्या पाण्यात उतारतायत. चुकलं माकलं पोटात घाल आनि समद्यांची राखण कर." मुलगे ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" मीही हळूच म्हणायचे. मग तुम्ही माझ्याकडे वळून सांगायचात की या पाण्याला बाईमाणसाचा पाय लागलेला राखणदाराला चालत नाही. मसणवटीतली सगळी भुतं तुम्ही पळवून लावलीत, एवढा एक राखणदार तेवढा माझ्यासाठी शिल्लक ठेवलात.

त्याच वर्षी तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या पायात काटा गेला म्हणून त्याची जोडी काठावर पडून होती. दोन ठिपक्यांची. तुम्ही वरच्या दगडावरून एकाला सूर मारायला शिकवत होतात. मी ती जोडी उचलली आणि पाण्यात उतरले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. परकर फुगून वर आला. नारळ छातीखाली घेतले आणि पाय उचलले. बाबा, मी तरंगले. दोन श्वास असेन, तीन असेन. मग तुम्ही वेणीला धरून मला बाहेर काढलंत आणि सगळ्या मुलांसमोर कानाखाली दिलीत. म्हणालात, "तुला कपडे सांभाळायला आणलंय." एवढंच. आवाजही चढवला नाहीत. मुलगे खाली बघत होते, एक जण फिदीफिदी हसला. ओल्या परकराने मी दगडावर बसले आणि तुमचं धोतर, त्यांच्या चड्ड्या, सदरे, सगळं मांडीवर घेऊन सांभाळलं.

पुढच्या वर्षी तुम्ही मला शाळेची पितळी शिट्टी दिलीत. त्या क्षणी मी किती हरखले होते हे आठवलं की स्वतःचीच चीड येते. "तुझी नजर चांगली आहे," म्हणालात. "कोणी दिसेनासा झाला तर वाजव." तीन दिवाळ्या मी ती गळ्यात घालून काठावर बसले. दुसऱ्या दिवाळीत ती वाजवलीसुद्धा. काटेवाला तोच मुलगा, आता नारळ सोडून पोहायला लागलेला, मधोमध दमला आणि खाली गेला. कोणाचं लक्ष नव्हतं. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. सगळ्यांत मोठ्या मुलाने जाऊन त्याला ओढून आणलं. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली तुम्ही त्या मोठ्या मुलाला वही-पेन दिलंत, त्याच्या धाडसावर बोललात. मी पहिल्या रांगेत उभी होते. तुमची नजर माझ्यावरून गेली आणि पुढे गेली. तेराव्या वर्षी आईने तुमच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तुम्ही शिट्टी परत मागून घेतलीत. माझी कोंडाची वाट तिथे बंद झाली.

पण एक गोष्ट तुम्हाला कधीच कळली नाही. तुम्ही सगळे पाण्यात असायचात आणि मी पाण्याकडे बघत असायचे. तासन्‌तास. कोणाच्या हातून सुटलेली नारळांची जोडी असो की गळलेलं पान, धबधब्याजवळून ते कधी सरळ काठाला येत नाही. ते उजवीकडे कड्याला घासत जातं, वळतं आणि काठावरच्या उंबराच्या मुळांपाशी येऊन थांबतं. दर वेळी. जो पोहणारा सरळ काठाकडे यायला धडपडतो तो जागच्या जागी हात मारत दमतो. जो अंग सोडतो त्याला पाणी स्वतःच उंबराशी आणून घालतं. हे तुमच्या एकाही मुलाला माहीत नव्हतं. तुम्हाला तरी होतं का, मला शंका आहे.

आता परवाचं. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती, आता पुण्याला नोकरी करते. तिला मी सहाव्या वर्षी रत्नागिरीच्या तलावात पोहायला घातलं. रोज पहाटे स्कूटरवरून नेलं, उन्हाळा-हिवाळा, ऑफिस सांभाळून. तेव्हा तिने विचारलं होतं, "आई, तुला येतं?" मी म्हटलं, "येतं तर. आजोबांनी शिकवलं, कोंडावर, नारळ बांधून." हे मी त्याआधीही सांगत आले होते. लग्नानंतर सासरी सांगितलं, ऑफिसच्या सहलीत गणपतीपुळ्याला सांगितलं आणि गुडघ्याचं निमित्त काढून वाळूत बसून राहिले. चुन्याची माझी खूणसुद्धा मी ठरवून टाकली होती. तीन ठिपके.

मुलगी मैत्रिणीला घेऊन आली होती, म्हणाली, आई, आम्हाला तुझा कोंड दाखव. सड्यापर्यंत गुडघा बरा होता, घाटीत बोलायला लागला. वर पोचल्यावर मैत्रीण पाणी बघून कचरली. मुलगी तिला म्हणाली, "अगं, घाबरतेस काय? काही झालंच तर आई आहे ना! ती इथेच शिकलीय." आणि कपडे, घड्याळ, टॉवेल माझ्या हातात देऊन वरच्या दगडावरून तिने उडी मारली. तोच तुमचा दगड.

ती धबधब्याच्या फार जवळ गेली. मी ओरडले, पण तिथे कोणाचा आवाज कोणाला येतो? परत फिरली ती सरळ माझ्याकडे. हात मारतेय, मारतेय, आणि तिथेच आहे. मैत्रीण हसत हसत फोन धरून उभी होती, तिला वाटलं मजा चाललीय. मला मुलीचा चेहरा दिसत होता. ती माझ्याकडे बघत होती, आता आई उडी मारेल म्हणून. बाबा, त्या घटकेला मी तुम्हाला जी शिवी दिली ती इथे लिहिणार नाही. पाण्यात पडून उपयोग नव्हता, दोघी गेलो असतो. मग एकदम सुचलं, ही येतेय ती माझ्याकडे. मी जिथे असेन तिथे येणार. मी हातातला लाल टॉवेल फडकवत उजवीकडे धावले. त्या गुळगुळीत दगडांवरून, या गुडघ्याने, दोनदा पडून. उंबराशी पोचले आणि टॉवेल हलवत राहिले. ती वळली. वळल्याबरोबर पाण्याने तिला उचललं आणि मुळांशी आणून सोडलं, सुटलेल्या नारळांसारखं. मी हाताला धरून ओढलं. माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते, त्यापुढे मी गेले नाही.

लाल टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ती मुळावर बसली. मग तिने विचारलंच. "आई, तू उडी का नाही मारलीस?" खरं सांगायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती. माझ्या खोटेपणापायी ती मघाशी बुडत होती. आणि मी काय म्हटलं ऐका. म्हटलं, "तुझे आजोबा सांगायचे, दोघांनी पाण्यात जायचं नाही. एकाने काठावर राहून वाट दाखवायची." तिचे डोळे भरून आले. "आजोबा काय माणूस असतील ना," म्हणाली. तुम्ही असं कधी बोलला नाहीत. तुम्ही फक्त कपडे सांभाळ म्हणालात.

उतरताना सड्यावर चहाला थांबलो. दुकानवाला माझ्याकडे बघतच राहिला. "गुरुजींची लेक ना गो तू?" काटेवाला मुलगा, बाबा. डोकं पांढरं झालंय, दात पडलेत. माझ्या मुलीने उत्साहाने त्याला विचारलं, "काका, आजोबांनी आईला पण तुमच्याबरोबर शिकवलं होतं ना?" त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, वेणी, कानाखालची, सगळं. तो वळून स्टोव्हला पंप मारायला लागला आणि म्हणाला, "शिकवलानी तर. हिच्यासारका कोंड कोनाला ठावा नाय. हिनं शिट्टी वाजवलान म्हनून मी हाय." चाळीस वर्षांनी हे कोणीतरी बोललं, आणि ते तुम्ही नव्हतात. त्यासाठी तुम्हाला मी माफ करत नाही. त्याचे आभार मात्र मानायचे राहून गेले.

आज दुपारी मुलगी पुण्याला गेली. जाताना स्टेशनवर म्हणाली, "पुढच्या दिवाळीत आपण दोघी एकदम उतरू हं, तू मला ते वळण पाण्यातून दाखव." मी हो म्हटलं. घरी येऊन हे लिहायला बसले. लिहून झालं की फाडणार आहे, कारण ते कपाटात ठेवलं तर कधीतरी तिच्या हाती लागेल. एवढी वर्षं सगळ्यांना जो बाप सांगितला तो मला हवा होता, म्हणून सांगितला. मला पोहता येत नाही, बाबा. हे मी आजवर फक्त तुम्हालाच सांगितलंय, आणि तुम्हाला ते माहीतच होतं.