धुळाचा खुबा आणि माझं मॉडेल

६ एप्रिल
थ्रीडी प्रिंटर आला. आता खुब्याची वाटी मोडलेले पेशंट पुण्याला पाठवणं बंद. आजवर पाठवले ते मला जमत नाही म्हणून नव्हे. पुण्याच्या डॉक्टरांनाही काम हवं ना.

७ एप्रिल
लगेच पेशंट! धुळा, सांगोल्याकडचा मेंढपाळ. मोटरसायकलवरून पडला, उजव्या खुब्याची वाटी फुटली. बायको रंभाबाई. तिला नीट समजावलं: सीटी स्कॅनवरून हाडाचं प्लास्टिकचं मॉडेल प्रिंट करायचं, हाड जोडायची धातूची प्लेट त्यावर आधीच वाकवून ठेवायची, ऑपरेशन झटपट. सगळं ऐकून तिने विचारलं, "मेंढरामागं चालंल नव्हं?" लोकांना विज्ञानात रस नाही.

९ एप्रिल, सकाळ
मॉडेल तयार. हुबेहूब धुळाचं हाड, फक्त जास्त स्वच्छ. डॉ. धनलक्ष्मी म्हणाली, प्लेट आत्ताच वाकवून घेऊ. (माझी ज्युनियर. हात बरा आहे, पण बोलत नाही, त्यामुळे पुढे जाणार नाही.) म्हटलं, घाई कसली? दुपारी क्लबात दाखवायचंय.

९ एप्रिल, संध्याकाळ
क्लबात मॉडेल हातोहात फिरलं. मग ते गाडीत पुढच्या काचेपाशी ठेवून जेवायला बसलो. जेवण लांबलं. बाहेर आलो तर स्टिअरिंगला हात लावता येईना, इतकं ऊन. मॉडेल जरा वाकडं झाल्यासारखं वाटलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा. उद्या डोळे तपासणे.

१० एप्रिल
डोळे राहिले. प्लेट मॉडेलवर वाकवली. इतकी चपखल बसली की फोटो काढून पुण्याला पाठवला. ऑक्टोबरच्या परिषदेत यावर भाषण देणे. धनलक्ष्मी म्हणाली, एकदा स्कॅनशी ताडून बघू. ताडायचं काय? मॉडेल स्कॅनवरूनच निघालंय. या पिढीला आत्मविश्वासच नाही.

११ एप्रिल, सकाळ
आज ऑपरेशन. तासाभरात बाहेर येणे.

११ एप्रिल, संध्याकाळ
ऑपरेशन यशस्वी. किरकोळ अडचण एकच: प्लेट बसेना. एक टोक दाबलं की दुसरं उचलायचं. मी शांतपणे टीमला सांगितलं की पेशंटचं हाड चुकलंय, मॉडेलशी अजिबात जुळत नाही. धनलक्ष्मीने विचारलं, मॉडेल उन्हात ठेवलं होतं का? म्हटलं, उन्हात कशाला, गाडीत होतं. भूल देणारे डॉक्टर पुटपुटले, नाचता येईना अंगण वाकडं. ऑपरेशन थिएटरात अंगण कुठून आलं, देव जाणे.
मग हाडाला सुधारायला वेळ म्हणून तीच प्लेट पुन्हा दाबून बघितली. धनलक्ष्मी म्हणाली, "सर, मी बघू का?" ज्युनियरना संधी दिली पाहिजे, या मताचा मी पहिल्यापासून आहे. बाजूला झालो. तिने नवी प्लेट घेतली, हाडावर लावून बघत थोडी थोडी वाकवली आणि बसवली. मी हुकाने स्नायू ओढून धरला. हे काम दिसतं तितकं सोपं नाही.

१२ एप्रिल
रंभाबाईने घरची डाळिंबं आणली. सगळी धनलक्ष्मीच्या ओंजळीत. गर्दीत मी दिसलो नसेन. खोलीत आम्ही तिघंच होतो.

१४ जुलै
धुळा तपासणीला आला. कुबडी नाही, काठी नाही. परिषदेसाठी व्हिडिओ हवाच होता. मोबाइल सुरू केला आणि म्हटलं, मॉडेलबद्दल दोन शब्द बोल.
तो म्हणाला, त्याला भूल कमरेखालीच होती, कान उघडे होते, सगळं ऐकलं.
"बाई म्हनल्या, मी बघू का, आन् तुमी बाजूला झाला. तेवढं लई बरं केलं बघा डॉक्टर. न्हायतर मेंढरं इकावी लागली असती."
टोमणा असता तर परतवला असता. पण तो हात जोडून उभा होता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, आणि अगदी मनापासून बोलत होता.
रेकॉर्डिंग चालूच होतं. ते पुसून टाकलं.