अक्षरी दोन आणे

२ मार्च १९६४, सोमवार. देऊळगाव राजा.
ठरलं. उद्यापासून भांड्यावर नाव घालायचा रेट अक्षरी दोन आणे. उत्तमरावांच्या भांड्याच्या दुकानापुढं ओट्यावर सात वर्षं छिन्नी ठोकतोय, मिळतो काय, तर भांड्यामागं एक आणा. मग नाव चार अक्षरांचं असो, नाहीतर पुढं 'यांजकडून सप्रेम भेट' असं शेपूट असो. गिऱ्हाइकाला वाटतं नाव फुकटच असतं. आणि मी नुसतं नाव घालतो का? अक्षराला वेल काढतो, वेलीला फुलं काढतो. एकेका अक्षराला अर्धा अर्धा तास जातो. असा दुसरा आर्टिस्ट तालुक्यात दाखवा! उत्तमरावांना सांगितलं. ते हसले. हसोत.

३ मार्च
पहिलंच गिऱ्हाईक ओळखीचं निघालं. रेट सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यानं चहा सांगितला. एकदा माणसाचा चहा प्यालो की त्याला रेट सांगवत नाही. आजचं काम फुकट. उद्यापासून चहा बंद.

६ मार्च
चहा बंद आहे. पण उंद्रीची एक गीताबाई आली आणि आल्या आल्या भाऊ म्हणाली. बहिणीकडून पैसे कसे घ्यायचे? घागरीवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वर कमळ. ही बाई मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटली. उद्यापासून कोणाला भाऊ म्हणू द्यायचं नाही.

११ मार्च, संध्याकाळ
आज कडक राहिलो. एका म्हाताऱ्याला तांब्यावरच्या नावाचे पावणेदोन रुपये सांगितले. तो ओरडलाच. म्हणे, काऊन लुटून राह्यला बे? वेलबुट्टी तुले कोणं सांगतली? नाव टाक फक्त! अडाणी. उत्तमराव मधे पडले. म्हणाले, तुळशीराम, साधं नाव घालायचं तर घाल, नाहीतर ओटा खाली कर. खाली केला. स्वाभिमान नावाची काही चीज आहे की नाही?

१६ मार्च
एसटी स्टँडसमोर स्वतःचं दुकान थाटलं. म्हणजे एक पेटी आणि वर बोर्ड. बोर्ड मीच रंगवला, फर्स्ट क्लास डिझाइन. येणारे-जाणारे थांबून बघतात. दोघांनी विचारलं, इथं काय मिळतं? तिसरा विचारत होता, लग्नाच्या बँडची सुपारी इथंच घेता का? लोकांत उत्सुकता निर्माण झाली, हे महत्त्वाचं.

२८ मार्च
ऑर्डर नाही. जालन्याच्या गाड्या उशिरा येतात, त्यामुळं असेल. उत्तमरावांनी माझ्या जागी कोणी मोतीराम बसवलाय. त्याला साधी वेल काढता येत नाही म्हणे! पंधरा दिवसांत उत्तमराव हात जोडत येतात की नाही बघा.

५ एप्रिल
उत्तमराव यायचे आहेत. मधल्या काळात घरात पितळेची मोठी परात आली. बायकोनं, सोजरानं आणली. तिच्या भावाच्या, उकंडरावाच्या मुलीचं बीबी गावाला पाच मेला लग्न. सोजरानं हिवाळाभर कापूस वेचून पैसे बाजूला टाकले होते, मला पत्ता नाही. तिची भावजय वच्छलाबाई दरवेळी चारचौघींत म्हणते, आमच्या नणंदबाई हात हलवत येतात. ते सोजराच्या फार मनाला लागलंय. म्हणाली, मांडवात आहेर पुकारतील तवा माझं नाव साऱ्याइले ऐकू गेलं पाह्यजे. तुमचंही टाका. पन साधं टाका.
म्हटलं, निर्धास्त राहा. साधं टाकायला मी काय मोतीराम आहे? पाचशे माणसं ती परात बघणार. यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? नंतर अक्षरी चार आणे सांगितले तरी लोक देतील.

२२ एप्रिल
परात झाली. वेल काठापर्यंत नेली, दोन्ही अंगांना मोर. वेलीचं एकेक पान अक्षर धरलं, तर माझ्या रेटनं मजुरी परातीच्या किमतीवर जाते. घरचं काम म्हणून सोडली. सोजरा परात उजेडात धरून किती तरी वेळ उभी होती. म्हणे, याच्यात मले माझं नाव नाही दिसून राह्यलं. म्हटलं, तू तिसरी शिकलेली. शिकलेल्यांना दिसेल. परात फडक्यात गुंडाळून ठेवली. पटलं असावं.

६ मे. बीबीहून परत.
तिथल्या शाळेतले कारभारी मास्तर आहेर पुकारत होते. भांडं हातात घ्यायचे, नाव वाचायचे, एक जण वहीत लिहायचा. परात आली. मास्तरांनी उलटी धरली, सुलटी धरली, चष्मा पुसला. म्हणाले, नक्षी लय भारी हाय, पन नाव काही लागून नाही राह्यलं. कोणाची हाय हे परात?
सोजरा बायकांत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या पुरुषांत ती कशी बोलणार? मी उठणारच होतो. पण आर्टिस्टनं स्वतःचं नाव स्वतः ओरडावं का? शिवाय कोणीतरी वाचेलच असं वाटलं. मास्तर म्हणाले, लिहा, बिननावी परात एक. आणि पुढचा हंडा घेतला.
पंगतीत वच्छलाबाईनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, काऊन नणंदबाई, याही टायमाले विसरल्या का? सोजरा म्हणाली, ते परात माझी होती. त्यावर वच्छलाबाई म्हणे, हाव, बिननावी दिसली की आपली म्हनाव. बायका हसल्या. सोजरा पानावरून उठली.
गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. म्हटलं, मास्तरांचा चष्मा जुना होता. तरी वळली नाही.

१९ मे
दुपारी घरी आलो तर चुलीपाशी नवा तांब्या. सोजराच्या बहिणीकडं, कलाबाईकडं बारसं आहे, त्यासाठी. वर ठळक 'सोजराबाई'. ना वेल, ना फूल. मी दारातच होतो, तिथून वाचता आलं.
कोणी घातलं म्हणून विचारलं. मोतीरामनं. कितीला? अक्षरी दोन आणे. भाव नाही केलास? म्हणे, काऊन करू? नाव दिसते ना.
मग विचारलं, पुढं माझं नाव कसं नाही?
म्हणाली, तुळशीराम पाच अक्षरं होते. दहा आणे वाचले.
हिशेब करून बघितला. बरोबर आहे.