टाय आणि दहा किलो वांगी

२ डिसेंबर २००३, मंगळवार
आजपासून राग बंद. कोणावर हात उगारायचा नाही. ताराचंद वकिलांच्या ऑफिसात असिस्टंटची जागा निघाली आहे. लॉ अर्धवट सोडलेलाही चालतो. म्हणजे जाहिरात माझ्यासाठीच.
(लॉ मी सोडलं. कॉलेजने काढलं असं वर्गातला भूपेंद्र सांगत फिरतो, ते खोटं. प्राचार्यांनी फक्त उद्यापासून येऊ नको असं सुचवलं होतं.)
मुख्य म्हणजे रुचिका तिथेच ज्युनियर आहे. दीड वर्ष तिच्या मागच्या बाकावर बसलो. बोलणं असं झालं नाही, पण एकदा तिने पेन मागितला होता. अजून तिच्याकडेच आहे. मुलगी उगाच पेन ठेवत नाही.
प्लॅन : डिसेंबरात नोकरी, जूनला परत लॉ, पुढच्या दिवाळीनंतर तिच्या घरी मागणी.

५ डिसेंबर
लेखी परीक्षा. सोळा उमेदवार. सगळं सातबारा, फेरफार, वाटणीपत्र. आमच्या आबांची (आजोबांची) बांधाची केस एकोणीस वर्षं चालली. हे मला पाळण्यातच पाठ झालं. भूपेंद्र शेजारी होता. फेरफार म्हणजे काय, हे त्याने मलाच विचारलं. त्याचा बाप कापडाचा मोठा व्यापारी, संध्याकाळी वकिलांसोबत क्लबात बॅडमिंटन खेळतो. सांगितलं मी. दया आली.

८ डिसेंबर
यादी लागली. मी पहिला. भूपेंद्र अकरावा. मुलाखतीला आम्ही दोघंच. मला घ्यायला आणि त्याच्या बापाची समजूत काढायला, दुसरं काय.

११ डिसेंबर, दुपार
मुलाखत झाली. आधी घरी भांडण. मायने वांग्यांची पिशवी हातात दिली. वकिलाकडे रिकाम्या हातानं जाऊ नाई, तुह्या आबानं दर तारखेले नेली, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, मी पक्षकार नाही, उमेदवार आहे. ती म्हणाली, काम त्याच्याकडंच हाये ना? मग.
गळ्यात मामाचा टाय, हातात पिशवी.
कायद्यावर एक प्रश्न नाही. वडील काय करतात? बोरगाव मेघेत कुठे राहता? उन्हाळ्यात फिरायला कुठे जाता? मी म्हटलं, वावरात, वांग्यांना पाणी द्यायला. सगळे हसले. खेळ कोणता, तर कबड्डी. परत हसले. मग मी विनंती केली, साहेब, फेरफारावर विचारा की. आवाज थोडा चढला असेल. टेबलावर हात पडला, पण हळू. चहा सांडला, कारण कप आधीच काठोकाठ भरला होता.
भूपेंद्र आत वीस मिनिटं होता. बाहेर नुसतं हसू ऐकू येत होतं. विदूषकालाही लोक असेच हसतात.
निघताना साहेबांनी पिशवीत पाहिलं. एक वांगं तळहातावर तोलून म्हणाले, असा माल आता मिळत नाही. मग माझा फोन नंबर लिहून घेतला. भूपेंद्रचा घेतला नाही. यातच आलं सगळं.

१८ डिसेंबर
शेजारच्या एसटीडीवर फोन आला. खुद्द साहेब. रविवारी सेलू रोडच्या फार्महाऊसवर भरीत पार्टी, नव्या असिस्टंटचं स्वागत, सगळं ऑफिस असेल. येताना तीच वांगी आण, दहा किलो.
स्वागत माझं आणि वांगीही माझीच, हे जरा खटकलं. मोठ्या लोकांत तशी पद्धत असेल.
माय पेढे वाटून आली. अडवलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार. रात्री उशिरा
वॉचमनने मागच्या दाराने पाठवलं. तिथे जाळायला तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा ढीग आणि स्वयंपाकवाली देवकाबाई. ती म्हणाली, टाय काढ बाबू, पेटन. काढला नाही. दहा किलो वांगी भाजली. समोरून टाळ्या ऐकू आल्या, म्हणून पाहायला गेलो. हार भूपेंद्रच्या गळ्यात.
सरळ साहेबांसमोर जाऊन विचारलं, पहिला कोण आला होता? हातात जळती तुराटी होती, हे लक्षातच नव्हतं. सगळे मागे सरकले. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले, "गजेंद्र, हुशार तूच आहेस. पण माणूस आपल्यात बसला पाहिजे. आम्ही रोज सोबत जेवतो."
याला माझ्याकडे उत्तर होतं. तेवढ्यात रुचिका ताट घेऊन आली.
"दादा, अजून थोडं भरीत वाढता का? मस्त झालंय. तुम्ही केटरिंग करता का?"
तुराटी विझवली. वाढलं.

२५ डिसेंबर
माय रोज विचारते, हापिस कसं हाये? मोठं आहे, म्हणतो. आज कामावर काऊन नाई गेला? नाताळची सुट्टी. हे तरी खरं आहे.
संध्याकाळी साहेबांचा फोन. रविवारी नागपूरचे पाहुणे आहेत. वीस किलो, आणि भाजायला मीच हवा. स्पष्ट नाही म्हणायचं ठरवलं होतं. हो म्हटलं. जवळ राहिलं तर ओळख वाढते. दीड वर्ष तिने माझी पाठ पाहिली नाही, मीच तिची पाहिली, त्यामुळे चेहरा लक्षात राहिला नसेल. एवढंच.
बाबा वांगी तोडायला गेले आहेत. टायला ठिणगीने भोक पडलंय. रविवारी घालायचा की नाही, ठरत नाही.